आमची वाटचाल: टॅक्सीच्या स्पेअरपासून व्हिंटेज गाड्यांच्या सुट्या भागांपर्यंत

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, तेव्हा ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात कुणी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. टॅक्सी फियाटच होती, आणि टॅक्सी होती तोवर गिऱ्हाईक होतं. आमचं दुकानही त्यावरच चालायचं. बाबा आधी कुर्ल्याला, फियाट बनवणाऱ्या प्रीमियरच्या कारखान्यात फिटर होते. तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी एका गल्लीत, दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने फुटपाथवर थांबावं एवढ्याशा जागेत धंदा मांडला. क्लचप्लेट, डेल्कोचे पॉइंट, वॉटर पंप, हेड गॅस्केट असा सगळा रोजचा माल. भवानी बहुधा स्पार्क प्लगने व्हायची.

नव्वदीत चित्र पालटलं. घरच्या फियाटी विकल्या जाऊ लागल्या, शेजारच्या दुकानदारांनी नव्या गाड्यांच्या मालासाठी फळ्या रिकाम्या केल्या आणि फियाटची न उघडलेली खोकी भंगारात किलोच्या भावाने निघाली. ती खोकी बाबा उचलायचे. पदरमोड करून. आई म्हणायची, "दुकानात जागा नाही, घरात जागा नाही, हे बंपर काय डोक्यावर ठेवायचे?" बाबांकडे याचं उत्तर नव्हतं. आपण ज्या गाडीवर हात चालवला तिचा माल भट्टीत जाताना त्यांना बघवत नसे, एवढंच. पुढचा सगळा धंदा त्या खोक्यांवर उभा राहिला, पण त्यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

व्हिंटेजवाल्यांपैकी पहिलं गिऱ्हाईक आलं ते शिवाजी पार्कहून. निवृत्त गृहस्थ, वडिलांची डुक्कर फियाट नीट करायला काढलेली. प्रीमियरने 1954 पासून बनवलेल्या मिलेचेंटोला, म्हणजे फियाट 1100 ला, तिच्या गोलसर नाकामुळे मुंबईकरांनी दिलेलं हे नाव. काकांना पुढच्या दाराचं लॉक हवं होतं. मी पद्मिनीचं, म्हणजे टॅक्सीवाल्या फियाटचं, काढून दिलं. बाबांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि विचारलं, "काका, दार उघडतं कसं?" त्या गाडीच्या पुढच्या दाराची बिजागरी मागच्या बाजूला असते, म्हणजे दार उलटं उघडतं. 1964 च्या फियाट डिलाइटलाही सुरुवातीला तसंच होतं. पुढे दारं सरळ झाली. बिजागरी फिरली की लॉक, स्ट्रायकर, कडी सगळंच फिरतं. इंजिन मात्र डिलाइटचं आणि पद्मिनीचं त्याच 1089 सीसी घराण्यातलं. त्यामुळे टॅक्सीतून उतरलेला वॉटर पंप डिलाइटला चालून जातो आणि दाराचा साधा खटका चालत नाही. आमच्या कामाची सगळी मेख इथे आहे.

हळूहळू फियाटच्या पलीकडची विचारणा सुरू झाली. प्रीमियरनेच जुळवलेल्या डॉज, डिसोटो आणि प्लायमाउथ हे प्रकरण तर मजेशीर. खालची गाडी बरीचशी एकच, जाळी आणि मोनोग्राम वेगळे. पन्नास वर्षांत कुणी ना कुणी एकीची जाळी दुसरीला ठोकलेली असतेच, आणि मालक शपथेवर सांगतो की गाडी मूळ अवस्थेत आहे. अशा वेळी आम्ही वाद घालत नाही, जाळीच्या मागची भोकं बघतो. कारखान्याचं भोक डायने पाडलेलं असतं, त्याची कड स्वच्छ असते. गॅरेजवाल्याने ड्रिलने पाडलेलं भोक थोडं अंडाकृती झालेलं असतं आणि कडेला रंगाखाली गंज धरलेला असतो.

नंबर वाचणं ही वेगळीच विद्या. अमेरिकन इंजिनाच्या ब्लॉकवर उठावात आलेला आकडा ओतकामाचा असतो. पार्ट नंबर निराळा. लोक पहिला आकडा पाठवतात आणि कॅटलॉगमध्ये तो नाही म्हणून हवालदिल होतात. मॉरिस-ऑस्टिनच्या, लुकास कंपनीच्या डायनमोवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं: '5 58' म्हणजे मे 1958. डायनमोची तारीख गाडीच्या थोडी आधीची असली तर ठीक. गाडी 1956 ची आणि डायनमो 1958 चा असेल, तर तो नंतर कुणीतरी घातलेला आहे. तो उत्तम चालत असेल, पण जोडी जुळली असं मी बिलावर लिहिणार नाही.

याउलट जिथे मूळ भाग शोधण्यात काही अर्थ नाही, तिथे मी गिऱ्हाइकाला थांबवतो. बॉल बेअरिंगवर 6204 लिहिलंय ना? मग ते 20 मिलिमीटर आतून, 47 बाहेरून, 14 जाड. कुठल्याही चांगल्या कंपनीचं नवं घ्या. ऑइल सीलचंही तेच. इटलीतून साठ वर्षांपूर्वीचं रबर मागवून इंजिनात बसवणं हा शौक नाही, खुळेपणा आहे. इटलीच्या मालाची दुसरी अडचण म्हणजे तिकडची गाडी डाव्या हाताच्या स्टिअरिंगची. मागच्या दिव्याची काच, हबकॅप, जाळी खुशाल मागवा. स्टिअरिंग बॉक्स, डॅशबोर्ड किंवा वायपरची दांडी मागवली तर आरशातल्यासारखी उलटी निघते.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. आमचं गोदाम तोवर कलिन्याच्या बाजूला, सीएसटी रोडजवळ गेलं होतं. पाणी ओसरलं तेव्हा लोखंड जागेवर होतं, पण पुठ्ठ्याची खोकी आणि त्यांवरच्या चिठ्ठ्या यांचा लगदा झाला होता. घासून, तेल लावून वस्तू वाचल्या. कोणती वस्तू कोणत्या सालच्या गाडीची, हे वाचलं नाही. मग कितीतरी संध्याकाळी बाबा गोणपाटावर बसून एकेक नग हातात घेऊन सांगायचे आणि मी लिहायचो. "हा सिलेक्ट फियाटचा. हा डिलाइटचा, पण नंतरचा, याला कान बारीक आहे." तेव्हापासून आमच्याकडे कागदी चिठ्ठी नाही. पितळी बिल्ल्यावर पंचने आकडा ठोकतो आणि तारेने नगाला बांधतो. बाबा गेले, ती वही अजून काउंटरवर आहे. मुलीने ती कॉम्प्युटरवर चढवली आहे, तरी शंका आली की तीसुद्धा वहीच उघडते.

क्रोमबद्दल दोन शब्द, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. पोलादी बंपरला नवं प्लेटिंग होतं: आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम. पण मोनोग्राम आणि हँडलं पुष्कळदा मझाकची, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची असतात. प्लेटिंगवाल्याने ती पोलादासारखी ॲसिडात टाकली की खड्डे आणखी खोल होतात, कधी अक्षरंच नाहीशी होतात. आम्ही असे नग एकाच कारागिराकडे देतो. तो उशीर लावतो. लावू दे.

2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले: 50 वर्षांहून जुनी गाडी, 'व्हीए' मालिकेतला नंबर, दहा वर्षांसाठी 20,000 रुपये, नूतनीकरणाला 5,000. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. त्यानंतर विचारणा वाढली आणि सोबत इंजिन ब्लॉक विकायला येणारेही वाढले. ज्या गाडीचा ब्लॉक आहे तिचे कागद दाखवल्याशिवाय आम्ही त्याला हात लावत नाही. त्यावरून नाक्यावर "मराठी माणूस, म्हणून धंदा वाढत नाही" असंही ऐकवलं गेलं आहे.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. त्या दिवशी फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. आम्हाला रडायला सवड नव्हती, कारण उतरणाऱ्या टॅक्सींमधून डायनमो, गिअरबॉक्स, त्रिकोणी काचांच्या चौकटी सोडवून घ्यायच्या होत्या. आता तो झराही आटला. रबर बीडिंग, म्हणजे दारा-काचांच्या कडेची पट्टी, आम्ही वसईत साचा करून नव्याने काढतो, आणि बिलावर 'नव्याने बनवलेलं' असं स्वच्छ लिहितो.

सध्या एका मिलेचेंटोसाठी डाव्या बाजूच्या मागच्या दिव्याची काच शोधतो आहोत. उजवीकडच्या दोन आमच्याकडे पडून आहेत. कुणाच्या माळ्यावर डावी असेल, तर पुसायच्या आधी फोटो पाठवा. विकायची नसेल तर बदली करू.