तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या वायरी हव्यातच का?

झोपेच्या तपासणीच्या लॅबमध्ये मी रात्रपाळी करते. पेशंटच्या डोक्याला, हनुवटीला, पायांना वायरी चिकटवायला लागले की प्रश्न ठरलेला: "ताई, हे सगळं न लावता नाही का कळणार? हल्ली घड्याळातसुद्धा कळतं म्हणे." लग्नकार्यात भेटणारे नातेवाईकही हेच विचारतात.

कळतं की! बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडमध्ये घरोघरी पोचला. त्यामागची कल्पना जपानमधल्या ताकुओ आओयागींची, १९७४ सालची. बोटातून तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड असे दोन प्रकाश जातात. ऑक्सिजन कमी असलेलं रक्त तांबडा प्रकाश जास्त शोषतं, त्यावरून आकडा निघतो. झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकत असेल तर तो आकडा घसरतो, माणूस धडपडून श्वास घेतो, आकडा पुन्हा चढतो. सकाळी आलेख काढला की करवतीचे दात दिसतात. गडद नेलपॉलिश किंवा गारठलेलं बोट असेल तर मात्र आकड्यावर भरवसा ठेवू नका.

गादीखाली ठेवायची सेन्सरची पट्टी तर अंगाला लागतही नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीराला बारीकसा हिसका बसतो, श्वासाबरोबर गादीवरचा दाब बदलतो, ते सगळं ती टिपते. वायरी ओढून काढणाऱ्या आजी-आजोबांसाठी हे किती मोलाचं आहे, ते मी रोज बघते.

पण एक गोष्ट समजून घ्या. छाती हलतेय म्हणजे श्वास चाललाय, असं नसतं. घशाचा मार्ग मिटला की हवा आत जात नाही, तरी छाती जोर लावतच राहते. छाती वर येते तेव्हा पोट आत जातं, दोघांची ओढाताण चालते. मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम आला नाही, तर छातीही स्वस्थ. दोन्हींचे उपचार वेगळे. हा फरक करायला नाकाजवळची हवा आणि छाती-पोटाचे पट्टे एकाच वेळी बघावे लागतात. म्हणून नाकात नळी, म्हणून पट्टे.

आणि डोक्यावरच्या वायरी? त्यांचं उत्तर मला माझ्या बाबांमुळे मिळालं. लॅबमध्ये यायला ते तयार नव्हते, म्हणून घरी करायची तपासणी केली. मशीन सात तास चाललं, श्वास ८४ वेळा अडकला. तासाला १२, म्हणजे सौम्य. सगळे निर्धास्त झालो. पण बाबा दुपारी जेवताजेवता पेंगायचे. घरच्या मशीनला मेंदूच्या लहरी दिसत नाहीत, त्यामुळे जागेपणी या कुशीवरून त्या कुशीवर घालवलेले तासही ते झोपेत धरतं. बाबा जेमतेम चार तास झोपले असतील, तर तेच ८४ तासाला २१ होतात. १५ च्या पुढे मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. शेवटी त्यांना लॅबमध्ये आणलं, तेव्हा आकडा १५ च्या वरच आला. आता ते रात्री हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारा मास्क लावून झोपतात आणि दुपारी पेपर वाचतात.

त्यामुळे मी सांगते, जोरात घोरणं आणि दिवसा झोप अनावर होणं असेल, आणि हृदयाचा किंवा फुप्फुसांचा मोठा आजार नसेल, तर डॉक्टरांना विचारून घरची तपासणी खुशाल करा. घड्याळाने इशारा दिला तर तो मनावर घ्या. सॅमसंग आणि ॲपलच्या घड्याळांतल्या, झोपेत श्वास अडकल्याचा इशारा देणाऱ्या सोयीला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली, पण तीही निदानासाठी नव्हे, लक्षणं हेरण्यासाठी. मात्र आकडा चांगला आला आणि पेंग तशीच राहिली, तर तिथे थांबू नका.

बाबांचा रिपोर्ट घेऊन घरी गेले तेव्हा आई म्हणाली, "मी रात्री वीसपर्यंत मोजते, मग कुठे ह्यांचा श्वास येतो." दहा सेकंद थांबला तरी आम्ही तो धरतो. ती कित्येक वर्षं मोजत होती, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून पेशंटबरोबर आलेल्या माणसाला मी आधी खुर्ची देते, मग वायरी काढते.