आमच्या दिमोनातला महाराष्ट्र दिन

आम्ही इस्रायलमधल्या दिमोना गावातले मराठी यहुदी, म्हणजे बेने इस्राएल. आमचा महाराष्ट्र दिन १ मेला सहसा होत नाही. इथे तो कामाचा दिवस, म्हणून जवळचा गुरुवार धरायचा आणि संध्याकाळी मतनासच्या (समाजकेंद्राच्या) हॉलमध्ये जमायचं. दोन राष्ट्रगीतं, पाहुण्यांची भाषणं, सत्कार, हे सगळं दरवर्षी तेच, आणि मी तेव्हा आत नारळ खवत असते त्यामुळे मला त्यातलं काही विचारू नका.

मी बाहेर येते ती खबरांना. आमच्याकडे एक आजी होत्या, पेणकडच्या. नव्या आल्या तेव्हा हिब्रूचा गंध नाही, गिरणीत पाळीवर लागल्या आणि खुणा करून काम शिकल्या. त्या वर्षभराच्या खबरा वहीत लिहायच्या आणि माईकवर वाचायच्या. कोणाचा नातू आर्मीत गेला, कोणाला बीरशेबाला जुळं झालं, कोणाची सोयरीक मोडली (ही वाचू नका म्हटलं तरी वाचायच्या), आणि शेवटी वर्षात गेलेल्यांची नावं, तेव्हा सगळा हॉल उभा. मधेच थांबून म्हणायच्या, "तिकडे आपण यहुदी होतो, इकडे येऊन होदी झालो." होदी म्हणजे हिब्रूत भारतीय. १९६४ साली लग्नाच्या बाबतीत आमच्या यहुदीपणावरच शंका घेतली म्हणून बेने इस्राएल यरुशलेमला धरणं धरून बसले, त्यात या पण होत्या, कडेवर पोर घेऊन. हे दरवर्षी सांगायच्या आणि मी दरवर्षी रडायचे, हातात खोबऱ्याची वाटी तशीच.

आजी गेल्या त्याला दोन वर्षं झाली. आता त्यांची नात वाचते. तिला देवनागरी येत नाही, म्हणून मराठी खबरा हिब्रू अक्षरात लिहिते, उजवीकडून डावीकडे. हिब्रूत ळ नाही. पहिल्या वर्षी तिने "नोकरी मिलाली" वाचलं तर मागून चारपाच म्हाताऱ्या एकदम ओरडल्या, "मिळाली गं!" यंदा तिने त्या लामेदवर, म्हणजे हिब्रू ल वर, लाल टिंब दिलं होतं.

अशदोदची मंडळी यंदा पण खबरा संपल्यावर आली, बरोबर मलिद्याच्या (गोड पोहे, खोबरं, फळं यांच्या प्रसादाच्या) टायमाला. बस उशिरा म्हणे. आम्ही काय विमानाने येतो? तरुण पोरं तर डान्सपुरतीच.

आता आभार. नावं घेत नाही, एक राहिलं की वर्षभर ऐकावं लागतं. भिजवलेल्या पोह्यांचा लगदा होऊ न देणाऱ्या दोघी जावा, पाच फळं चिरणारे काका, चिकाचा हलवा रात्री दोनपर्यंत घोटणाऱ्या मावशी (आमच्यात मटणाबरोबर दूधदुभतं चालत नाही, पण हा नारळाच्या दुधात, म्हणजे मटणाच्या जेवणावर पण चालतो), माईकवाला भाचा, खुर्च्या लावणारे आणि मुख्य म्हणजे परत उचलणारे तिघे, हॉलची चावी देणारा तो मोरोक्कन वॉचमन जो आता स्वतःहून "पुरणपोळी आहे का" विचारतो, आणि मिलुईमवरून (राखीव सैनिकाच्या ड्युटीवरून) युनिफॉर्ममध्येच येऊन भांडी घासलेला आमचा धाकटा. हां, आणि वेलची देणारी शेजारीण, ती राहिलीच होती.

नातीने नवीन वही आणलीय. पहिली खबर फोनवर आली पण, अशदोदला त्याच उशिरा येणाऱ्यांच्या घरी मुलगी झाली. आता पुढच्या वर्षी ती खबर ऐकायला तरी वेळेवर या म्हणावं.