हातोडी, एक नग

"काकू, ही हातोडी कुठंय?"

मंडळाचं सगळं दप्तर माझ्या बाहेरच्या खोलीत पसरलं होतं आणि नव्या खजिनदाराचं बोट डेडस्टॉक रजिस्टरच्या एका ओळीवर येऊन थांबलं होतं. तंबोरे दोन. समई एक. सतरंज्या सहा, पैकी एक जळकी. स्टीलचे पेले अडीचशे. आणि त्याखाली माझ्याच अक्षरात : हातोडी, एक नग, ९० रुपये.

"पेटीच्या तळाशी बघ," म्हटलं. "संगीत मंडळाला हातोडी कशाला लागते, हे आपल्या सीएंनीही विचारलं होतं."

पोरगा तिशीतला. पुण्याच्या कंपनीचं काम कराडात घरी बसून करतो, गळा बरा आहे, हिशेब त्याहून बरा. माझी पंधरा वर्षं त्याला एक्सेलमध्ये भरायची होती. मी म्हटलं भर बाबा, पण आधी व्हाउचरं वाच. बसलो वाचत. दुपारी दोनला बसलो ते दिवेलागणीला उठलो आणि एवढ्या वेळात चारच वर्षांची फाइल झाली. दर व्हाउचरमागे एक कोजागरी निघायला लागली, त्याला मी तरी काय करणार?

आमचं मंडळ लहान. वर्षभरात तीन-चार घरगुती बैठका, मुलांची एक स्पर्धा आणि कोजागरीची मैफल. मैफल शाळेच्या गच्चीवर. गाणारा पाहुणा मुंबईहून यायचा असला तर महालक्ष्मी एक्सप्रेसने पहाटे उतरायचा. कराडचं स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे. पहिलं व्हाउचर फाटायचं ते म्हणून नेहमी रिक्षाचं. वेळ पहाटेची, भाडं दीडपट, पावती अर्थातच नाही. मागच्या बाजूला सचिवांची सही : 'समक्ष दिले.'

२०१० साली दप्तर माझ्याकडे आलं ते आधीचे खजिनदार अण्णा यांच्याकडून. मी पतसंस्थेत अकाउंटंट होते, त्यामुळे हिशेब येतो अशा तोऱ्यात त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "समजा, रात्री मोजताना दहा रुपये कमी पडले. काय करशील?"

"खिशातले घालीन."

"बरं. आणि दहा जास्त आले तर?"

मी गप्प. अण्णा म्हणाले, "कमीचं काय, खिशातून भागतं. जास्तीचे दहा कुणाचे म्हणून लिहिणार? पावती फाडायची राहिली म्हणजे कुणाचं तरी नाव राहिलं." त्यांच्या चोवीस वर्षांच्या कीर्दीत एकही खाडाखोड नव्हती. रद्द पावत्यांच्या दोन्ही प्रती पुस्तकातच, टाचणी लावून. शिवाय आमची संस्था दोन ठिकाणी नोंदलेली : १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली. खजिनदार बदलला की नव्वद दिवसांत त्याचा बदल अर्ज साताऱ्याच्या धर्मादाय कार्यालयात जायला हवा. पतसंस्थेत एवढी वर्षं घालवूनही मला हे ठाऊक नव्हतं. अण्णांनी तो अर्ज आधीच भरून ठेवला होता. माझ्या नावापुढची जागा तेवढी मोकळी.

खजिनदाराचं टेबल गच्चीच्या जिन्याखाली. येणारा प्रत्येक माणूस माझ्यावरून जाणार, म्हणून ती जागा. देणगी, वर्गणी, नवे सभासद, हरवलेली चप्पल, लहान मुलांची शू, सगळं माझ्याच टेबलावर. वर गाणं सुरू झालं की जिन्याच्या भिंतीवरून स्वर उतरून यायचे. विलंबित मला बऱ्यापैकी ऐकू यायचं, द्रुत आलं की पेले विसळायची वेळ झालेली असायची. आणि शेवटची भैरवी तर कधीच नाही. त्याचं कारण रात्री दहाचा नियम. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सरकार वर्षातले थोडे दिवस बारापर्यंत सूट देतं, पण ते बहुतेक गणपती-नवरात्रातच खर्ची पडतात. कोजागरीला चंद्र माथ्यावर यायच्या आधी आमचा माईक बंद.

वरच्यांच्या दृष्टीने खरी मैफल तिथूनच सुरू व्हायची. सगळे म्हणायचे, माईक बंद झाला की लोक गुडघ्याने पुढे सरकतात, गवयाच्या समोर वीतभर जागा उरत नाही, तंबोऱ्याचा षड्ज छातीत ऐकू येतो. असेल. मला खाली ऐकू यायचं ते एवढंच, की वर एकदम शांत झालंय. मी त्या शांततेत नोटा मोजायचे. पंधरा वर्षं.

हातोडीची कोजागरी २०१२ ची. साथीला आलेले तबलजी पिशवी उघडून बसले आणि त्यांचा चेहरा उतरला. तबला सुरात लावायची हातोडी घरी. गावात तबला शिकवणाऱ्या सरांकडे माणूस धाडणार, तर सर पहिल्याच रांगेत बसलेले. त्यांच्या घराला कुलूप, किल्ली वहिनींकडे, वहिनी माहेरी मसूरला. शेवटी सचिवांनी सायकल काढली. चौकातलं हार्डवेअरचं दुकान शटर ओढायच्या बेतात होतं, तिथून हातोडी आणली. खिळे ठोकायची, अर्ध्या किलोची, लाकडी दांड्याची. तबलजींनी ती हातात तोलून पाहिली, एकदा आभाळाकडे पाहिलं, आणि रुमाल गुंडाळून तबल्याच्या एकेका लाकडी गट्ट्याला अशी अलगद टिचकी मारत गेले की वर हशा आणि टाळ्या. मैफलीतली पहिली दाद हातोडीला. तबला लागला, हेही सांगायला हवं.

मार्चअखेरीला मी तो खर्च 'वाद्य दुरुस्ती' म्हणून टाकला. सीएंनी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. म्हणाले, हातोडी टिकाऊ वस्तू आहे, डेडस्टॉकला घ्या. तेव्हापासून ती दर ताळेबंदात आमच्या मालमत्तेत आहे.

तंबोऱ्यांची मात्र वेगळी फाइल. दोन्ही मिरजेचे. खालचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातला, आणि त्यावरची कारागिरी मिरजेतल्या सतारमेकरांची. दर दोन वर्षांनी जवारी काढायला, म्हणजे तारांचा आवाज खुलवून घ्यायला, मी स्वतः एसटीने घेऊन जायचे. एकदा कंडक्टर म्हणाला, "बाई, हे उभं राहणार का बसणार?" बसणार म्हटल्यावर त्याने मुकाट्याने तंबोऱ्याचं तिकीट फाडलं. ते तिकीट अजून व्हाउचरला चिकटवलेलं आहे, शाई उडालीय. कारागीर तारा टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायचे, तारेखाली सुताचा धागा सरकवायचे, तार छेडायचे, परत कानस. मी समोर स्टुलावर. एका क्षणी बद्द आवाजाची तार अचानक उघडायची आणि सगळी खोली गुंजायला लागायची. 'जवारी, दोन नग' एवढंच व्हाउचरवर येतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याचं पेपरात आलं, तेव्हा मला उगाचच आपलं काहीतरी झाल्यासारखं वाटलं.

देणगीदारांत एक काका होते. दर कोजागरीला बरोबर साडेसातला, परीटघडीच्या धोतरात. आईच्या नावाने ५००१ रुपये, रोख. पाच हजारांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट, ही अण्णांची शिस्त. म्हणजे शुभाचा जो वरचा रुपया तो तिकिटालाच जायचा. पुढे सीएंनी सांगितलं, मोबदल्याशिवाय दिलेल्या पैशाच्या पावतीला ते तिकीट लागतच नाही. मी पुढच्या वर्षी बिनतिकिटाची पावती दिली, तर काका जिन्याची एक पायरी चढून परत आले. "तिकीट राहिलं." लागत नाही म्हटलं. "असू दे, लाव. आईची पावती आहे." तिकिटावर आडवी सही केली तेव्हा कुठे वर गेले. २०१७ पासून रोखीने दोन हजारांवर दिलेल्या देणगीला आयकरातली ऐंशी-जीची सूट बंद झाली, तेव्हा मी चेक द्या म्हणून सुचवलं. चेकला आईचा हात लागत नाही म्हणाले. आता यावर कुठला नियम दाखवायचा?

माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण पोराला तीही कीर्दीतच सापडली. २०१६ ची कोजागरी १५ ऑक्टोबरला होती. देणग्या बऱ्या जमल्या. भरणा दुसऱ्या दिवशी करायचा हा अण्णांचा दंडक, पण मी म्हटलं दिवाळी आलीय, बँकेत गर्दी, नंतर भरू. पाचशेच्या त्रेचाळीस आणि हजाराच्या दहा नोटा, ३१,५०० रुपये, घरी पेटीत राहिले. ८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता टीव्हीवर काय सांगितलं ते सगळ्यांना आठवतं. मी उठले आणि आधी पेटीचं कुलूप ओढून पाहिलं, जणू चोर येणार होता. पुढे रांगेत उभी राहून पैसे मंडळाच्या खात्यात भरले, रुपयाही बुडाला नाही. पण भरणा स्लिपवरची ती तारीख दर वर्षी माझ्याकडे डोळे वटारून बघते. अण्णांना सांगायला गेले तर ते म्हणाले, "दिवाळीचा फराळ आणलास का?" बस्स, एवढंच.

सप्टेंबरातली वार्षिक सर्वसाधारण सभा हाही एक सोहळाच. सूचनेखाली ठरलेली ओळ : 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल.' आमची एकही सभा वेळेवर भरलेली नाही. तो अर्धा तास लोक बटाटेवडे खातात, आणि मग त्याच वड्यांचा खर्च जास्त झाला म्हणून माझ्यावर प्रश्न विचारतात. एक निवृत्त मास्तर दर वर्षी 'किरकोळ' या शब्दावर उभे राहायचे. किरकोळ म्हणजे काय? मी वाचून दाखवायचे : खडीसाखर, मिरे, उदबत्ती, सुतळी, पाहुण्यांना डोकेदुखीची गोळी. मास्तर समाधानाने बसायचे. एका वर्षी त्यांनी विचारलं नाही. त्या वर्षी ते आलेच नव्हते. मी तरीही यादी वाचली.

दुधाबद्दल लिहायचं तर आणखी चार पानं लागतील. पंचेचाळीस लिटर दूध, चूलवण गच्चीच्याच कोपऱ्यात, ढवळायला पाळ्या लावलेल्या. जळकी सतरंजी ही तिथलीच कमाई. बदाम-केशराची पुडी माझ्या पेटीत, कारण ती रोकडीपेक्षा महाग. पेले अडीचशे जायचे आणि दोनशे चाळीसच्या आसपास परत यायचे. उरलेले दोन दिवसांनी कुणाच्या तरी डब्यातून, बिनबोलता.

२०२० ला मैफल नव्हती. ऑक्टोबरचं पान जवळजवळ कोरं. कार्यकारिणी फोनवर बोलली आणि ठरलं, की दर वर्षी जी बिदागी, साथीचे पैसे आणि साउंडवाल्याचं भाडं जातं ते या वर्षीही द्यायचं. संस्थेच्या घटनेत 'गरजू कलावंतांस साहाय्य' हा उद्देश पहिल्या दिवसापासून लिहिलेला होता, कुणी कधी वापरला नव्हता. साउंडवाल्या मुलाचा फोन आला. "काकू, मी काय कलावंत आहे का?" म्हटलं, दहाला माईक बंद करतोस ना वेळेवर, मग आहेस.

२०२५ च्या सभेत मी दप्तर सोडलं. रजिस्टरावर दोघांच्या सह्या झाल्या. तंबोरे दोन, समई एक, सतरंज्या सहा, पेले दोनशे अडतीस, हातोडी एक. पोराने हातोडीचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

६ ऑक्टोबरच्या कोजागरीला मी पहिल्यांदा वर जाऊन बसले, तिसऱ्या रांगेत. खाली टेबलावर आता क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला आणि शेजारी अण्णांची जुनी पेटी. आभाळ जरा भरून आलं होतं, मधूनच चंद्र दिसायचा. दहाला माईक बंद झाला. लोक खरंच गुडघ्याने पुढे सरकले. मीही सरकले. गायिकेने डोळे मिटले, तंबोरे नुसतेच वाजत राहिले. आमचेच दोन. डावा किंचित उतरलाय, मिरजेला न्यायला हवा.

तेवढ्यात खांद्याला हात लागला.

"काकू," तो कानाशी कुजबुजला, "तीनदा मोजले. दहा रुपये जास्त येताहेत."

मागे भैरवीचा पहिला कोमल ऋषभ लागला होता. मी उठले. जिन्यात पेल्यांची टोपली आडवी होती, पायाला लागू नये म्हणून त्याला हाताने थांबवलं, आणि तिथेच पायरीवर बसून पावतीपुस्तक मागितलं.

"तू नावं वाच," म्हटलं. "हळू. मी मोजते."