ग्रॅनी नॅनीच्या गावात

जमैकाच्या विधानसभेच्या कामकाजात मार्च १७३३ची एक नोंद आहे. मळ्यांतून पळालेल्या बंडखोर गुलामांची म्हातारी मांत्रिक बाई नॅनी हिला ठार केल्याबद्दल विल्यम कफी नावाच्या गुलामाला बक्षीस द्यावं, असा ठराव. आणि १७४० साली इंग्रज सरकारनंच 'नॅनी आणि तिच्या माणसांना' ५०० एकर जमीन लिहून दिली. या दोन नोंदी वहीत उतरवून मी नॅनीच्या गावाला, मूर टाउनला निघाले.

पोर्ट अँटोनिओहून रिओ ग्रँडे नदीच्या खोऱ्यातून रस्ता वर चढतो. दोन्ही बाजूंना केळी, नारळ आणि नीरफणस. मी कोकणातली, नीरफणसाचं पान दिसलं आणि माहेरी आल्यासारखं वाटलं. पण इथं ही झाडं १७९३ साली कॅप्टन ब्लायनं जहाजातून आणली, मळ्यांवरच्या गुलामांची पोटं स्वस्तात भरावीत म्हणून. ते आठवलं आणि घशाशी काहीतरी अडकलं.

मळ्यांतून पळून डोंगरात स्वतंत्र राहिलेल्या आफ्रिकी लोकांना मरून म्हणतात. पूर्वेकडच्या मरूनांची नॅनी ही पुढारी. तिचं चित्र कुणी काढलं नाही. जमैकाच्या ५०० डॉलरच्या नोटेवरचा तिचा चेहरा चित्रकाराच्या कल्पनेतला आहे. गावात मात्र ती चेहऱ्यावाचून सगळीकडे आहे, ग्रॅनी नॅनी म्हणून. 'बंप ग्रेव्ह' या तिच्या समाधीपाशी भेटलेल्या आजीबाई काल घडल्यासारखं सांगत होत्या: उपासमारीनं शरण जायची वेळ आली, तेव्हा स्वप्नात आवाज आला, नॅनीनं भोपळ्याच्या बिया पेरल्या आणि आठवड्यात वेल फळांनी लगडले. आबेंग हे शिंग फुंकून डोंगराडोंगरांतून निरोप कसे जात, तेही त्यांनी सांगितलं.

मी मरूनांनी इंग्रजांशी केलेल्या तहाबद्दल विचारलं. पुढं पळून येणाऱ्या गुलामांना मरूनांनी इंग्रजांच्या हवाली करायचं, असं कलम १७३९च्या तहात होतं. स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्या गुलामांनी मोजली, हे मला लिहावंच लागणार होतं. आजीबाई बराच वेळ गप्प राहिल्या. "तेही आमचंच," एवढंच म्हणाल्या.

मग मी त्यांना १७३३ची नोंद वाचून दाखवली. त्या उठल्या, माझा हात धरून उतारापर्यंत घेऊन गेल्या आणि खालची घरं, केळीच्या बागा दाखवत म्हणाल्या, "पोरी, ही जमीन सगळ्यांची आहे. कुणाला विकता येत नाही."