मोजा

रामबागेतल्या त्या घरी मी नेहमीसारखी साडेदहाला पोहोचले. चपला काढते न काढते तोच काका म्हणाले, "मॅडम, आज व्यायाम जरा मागे राहू द्या. कामासाठी दोन बायका यायच्या आहेत. तुम्ही बसा आमच्यासोबत, आम्हाला यातलं काही कळत नाही."

मी इंदूरमध्ये घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. काकूंकडे जायला लागून १२ दिवस झाले होते. पक्षाघाताचा झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आलेला, त्यामुळे उजवा हात-पाय लुळा आणि बोलणंही गेलेलं. समजतं सगळं, शब्द तेवढा येत नाही. "हो" येतो, पण तो कशालाही येतो. चहा हवा का? हो. नको का? हो. ३४ वर्षं शाळेत शिकवलेल्या काकू चुकीचा "हो" निसटला की स्वतःच डोळे मिटून घेतात. ते बघवत नाही.

काकूंना सांभाळायला आधी ब्यूरोतून, म्हणजे बाया पुरवणाऱ्या एजन्सीतून, बाई घेतली होती. तीन आठवड्यांत चार जणी येऊन गेल्या. दर वेळी नवा चेहरा, आणि काकूंना काय दुखतं, काय आवडतं, ते पहिल्यापासून सांगायचं. पैसे ब्यूरोला जायचे. त्यातले त्या मुलींच्या हातात किती पडत होते, ते कुणी विचारलंही नाही. म्हणून सुनेनं ठरवलं, जवळपासची, स्वतःच्या हिमतीवर काम करणारी बाई थेट बघायची. काकांना एकच धास्ती. "ब्यूरोत एक गेली की दुसरी येते. ही एकटी, आजारी पडली तर?" प्रश्न रास्त होता.

पहिली बाई आली ती सर्टिफिकेटांची फाईल घेऊन. लॅमिनेशन केलेली चार-पाच. बोलायला मोकळी, घर लगेच खूश. मी म्हटलं, काकूंना पलंगावरून खुर्चीत बसवून दाखवा. "चलो अम्मा, उठो," म्हणत तिनं सरळ उजव्या काखेत हात घातला. मी ओरडलेच. लुळ्या हाताचा खांदा स्नायूंनी धरून ठेवलेला नसतो. काखेतून उचललं किंवा हात ओढला की सांधा निखळायला वेळ लागत नाही, आणि ते दुखणं महिनोन् महिने पुरतं. खुर्चीही तिनं लुळ्या बाजूला ठेवली होती, ब्रेक न लावता. मी तिला दोष देत नाही. फाईलमध्ये एवढे कागद होते, पण माणूस उठवायचा कसा हे तिला कुणी हात धरून शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या ताई परदेशीपुऱ्याहून आल्या. पंचेचाळिशीच्या, मराठी आमच्या इंदुरीच वळणाची. पाणी घेतलं, हात धुतले. मग हातातल्या काचेच्या बांगड्या आणि अंगठी काढून रुमालात बांधली. "म्हाताऱ्या माणसाची चमडी पातळ असते हो, ओरखडा लगेच पडतो." काकूंच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसल्या आणि आधी त्यांच्याशीच बोलल्या. "आई, मी तुमच्या अंगाला हात लावू का?"

तेवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांना निवडलं असतं.

पण त्यांनी पुढे म्हटलं, "मोजे काढू का? पाय बघायचेत."

पाय गार पडतात म्हणून सून काकूंना मोजे घालत होती. ताईंनी उजव्या पायाचा मोजा हळूच गुंडाळत खाली केला. टाचेच्या मागे रुपयाएवढा लाल डाग. त्यांनी त्यावर अंगठा दाबला, दोन-तीन श्वासांपुरता तसाच ठेवला, उचलला. निरोगी कातडी दाबल्यावर क्षणभर पांढरी पडते, मग रंग परत येतो. हा डाग लालच राहिला. म्हणजे आत दाब बसून जखमेची सुरुवात झालेली, आणि काकूंना मधुमेह.

मी १२ दिवस तोच पाय हातात घेऊन घोटा फिरवत होते. मोजा एकदाही काढला नव्हता. हे मी सगळ्यांसमोर म्हणाले, कारण लपवून चाललं नसतं. सुनेनं माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. फोटो काढून तिनं लगेच डॉक्टरांना पाठवला.

मग ताईंनी अटी सांगितल्या. सकाळी आठ ते रात्री आठ. रविवार सुट्टी. आजारी पडल्या तर नणंद येईल, पण तिला आधी दोन दिवस सोबत आणून काम दाखवतील. अनोळखी बाई काकूंसमोर उभी करणार नाहीत. पगार १ तारखेला, खात्यात. इन्शुलिनची सुई टोचणार नाहीत. साखर मशीनवर बघून वहीत लिहितील. काका बिथरले. "सुई नाही म्हणता, मग पैसे कशाचे?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "ते माझं शिक्षण नाही, काका."

त्यावर मी बोलले. काय येतं ते सगळेच सांगतात. काय करणार नाही ते तोंडावर सांगणारी बाई मला जास्त भरवशाची वाटते. सुई सुनेनं द्यायची असं ठरलं. ताईंनी आधार आणि ई-श्रम कार्ड टेबलावर ठेवलं. असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये हे कार्ड सुरू झालं. कामाची पारख त्यानं होत नाही, पण पोलीस ठाण्यात पडताळणीला स्वतः सोबत येते असं त्या आपणहून म्हणाल्या. आधीच्या दोन घरांचे नंबरही दिले. मी तिथंच फोन लावला आणि विचारलं, त्यांचं काय आवडलं नाही? पलीकडून उत्तर आलं, "आठ वाजले की थांबत नाहीत." सून हसली. नोकरी करणाऱ्या बाईला ते पटणारच.

"ठरलं मग," काका म्हणाले.

"काकूंना विचारायचं राहिलं," मी म्हटलं.

त्यांच्या "हो"वर विसंबता येत नाही, म्हणून मी डावा हात हातात घेतला. दोनदा विचारायचं, उलटसुलट. पटलं तर दाबायचं. "या ताई यायला हव्यात?" बोटं घट्ट आवळली. "या ताई नकोत?" तोंडातून "हो" निसटला, काकूंनी डोळे मिटले, पण हात सैल राहिला. मी पुन्हा विचारलं. पुन्हा सैल.

ताई तोवर कामाला लागल्या होत्या. जुन्या चादरीची घडी पोटरीखाली सरकवून टाच गादीपासून अधांतरी केली, मग सुनेकडे वही मागितली. पहिल्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं: उजवी टाच लाल, दाबून पांढरी होत नाही. दुपारी पुन्हा बघणे.