आमची वाटचाल : दोर, काजवे आणि ७९९ चं पॅकेज

कळसूबाईला आमच्या जाहिरातीची कधीच गरज नव्हती. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, लोक येणारच. २००९ साली मी आणि रतनवाडीच्या मामांनी (नाव छापू नको म्हणतात) भंडारदऱ्याजवळच्या शेंडीत भाड्याच्या खोलीवर ट्रेकची पाटी लावली ती सांदणच्या अरुंद घळीसाठी आणि काजव्यांसाठी.

तेव्हा आमच्याकडे साठ मीटरचा एकच दोर होता. साडेदहा मिलिमीटरचा, स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरायला, डायनॅमिक, म्हणजे ताणणारा दोर आणणारे महाभाग तुम्हीही पाहिले असतील. त्यावर माणूस उतरत नाही, लोंबकळत हिंदकळतो. साम्रदहून घळीत शिरून पाण्यातून पलीकडे गेलं की पुढचे टप्पे दोरावरच. मामा रोज रात्री अख्खा दोर बोटांतून ओढायचे. वरचं आवरण शाबूत दिसतं, पण एखाद्या जागी हाताला पोकळ, मऊ लागलं की आतला गाभा गेला समजायचं. तिथे ते कापून टाकायचे, मग दोर चाळीसचा उरला तरी चालेल. दोर गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, त्यावर पाय देऊ नका आणि प्रत्येक दोराच्या वापराची वही ठेवा. नवीन पोरं वही ठेवत नाहीत. मी सांगून थकलो.

मधली वर्षं बरी गेली.

२०१८ च्या जूनमध्ये शहरातला एक आयोजक आला. काजवे, तंबू, डीजे, जेवण, सगळं माणशी ७९९. आम्ही घ्यायचो १८०० आणि एका वेळी चौदाच माणसं न्यायचो. त्याच्या चार बस एका रात्रीत. काजव्याचा नर लुकलुकतो तो मादीला हाक म्हणून, आणि सादडा-हिरड्याचं झाड लखलखत असताना त्यावर हेडलाइट पडला की सगळं झाड विझतं. त्या शनिवारी आमच्या चौदा जणांनी बसचे दिवे पाहिले. मी पैसे परत केले. पुढच्या आठवड्यात अकरा जणांनी बुकिंग रद्द केलं. आमचीच दोन पोरं कमिशनवर तिकडे गेली. त्यांना फेटे बांधून लेझरच्या उजेडात नाचवायचे आणि त्याला म्हणायचे ‘गावची संस्कृती’! आम्ही पाहुण्यांना दुपारी रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराचं कोरीवकाम दाखवायचो, कधी कोंभाळण्याला राहीबाई पोपेरेंची देशी बियाण्यांची बँक, रात्री कुणाच्या तरी पडवीत नाचणीची भाकरी. त्याचे फोटो झगमगत नाहीत, मान्य आहे.

जीप विकली. मामा म्हणाले, आपणही ७९९ लावू. मी नाही म्हणालो, जरा जास्तच मोठ्याने. तीन महिने मामा खोलीवर फिरकले नाहीत.

मग मार्च २०२० आला आणि उरलेला हंगामही गेला. त्या वर्षी एकच आगाऊ रक्कम जमा होती, नाशिकच्या बाईंची. बँकेतून निवृत्त. २०१० पासून दर जूनला येतात, सांदणमध्ये कधी उतरल्या नाहीत. घाटघरच्या रस्त्यावर एक सादडा आहे, त्याखाली टॉर्च न लावता दोन तास बसतात आणि मच्छरांबद्दल माझ्याकडे तक्रार करतात. मी पैसे परत पाठवले तर फोनवर ओरडल्या, “मी झाडाचं बुकिंग केलंय, तारखेचं नाही.” त्या पैशांत खोलीचं दोन महिन्यांचं भाडं निघालं.

येणाऱ्यांना एवढंच सांगणं: टॉर्चला लाल कागद लावा, काजवा बाटलीत भरू नका, आणि पाऊस सुरू झाल्यावर सांदण दाखवतो म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. घळीला लोंढा येतो तेव्हा बाजूला सरकायला जागा नसते.

मामा परत आले ते काही न बोलता. एका संध्याकाळी येऊन बसले आणि दोर ओढायला घेतला. आता नववा दोर चालू आहे. माणसं अजून चौदाच.

मागच्या जूनमध्ये त्या आयोजकाची बस नेमकी आमच्या पाटीसमोर बंद पडली. धक्का मारायला मामा गेले. मी गेलो नाही.