तुम्ही विचारलंत म्हणून : ईसीएम बदलू का?

माझी गाडी 2004 ची, एमएच-22 पासिंगची. तिचा ईसीएम (म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) मी बदलून घेतला हे परभणी-बसमत भागात बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी कुणाचा तरी फोन येतो. "सर, गाडी गरम झाली की बंद पडायली. मिस्त्री म्हणतोय ईसीएम गेला. टाकू का दुसरा?"

टाका, पण सगळं तपासून झाल्यावर, सगळ्यात शेवटी.

पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे ठरवणारी ही पेटी सहसा लवकर जात नाही. जातं ते तिच्याभोवतीचं. अर्थिंगची पट्टी गंजते, उंदीर वायरिंग कुरतडतात, नाहीतर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा) तापला की सिग्नल देणं सोडतो. तापल्यावर बंद आणि अर्ध्या तासानं चालू, ही तर क्रँक सेन्सरची नेहमीची खूण. गाडी बंद पडलेली असताना स्टार्टर मारून मिस्त्रीच्या स्कॅनरवर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, बघा. शून्यावरच राहिला तर आधी त्या सेन्सरकडे आणि त्याच्या वायरीकडे जा.

माझ्या गाडीलाही हेच लक्षण होतं. मे महिन्यात आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी नांदेडला नेत होतो, बसमतच्या अलीकडे गाडी बंद पडली. रस्त्यावर सावलीला झाड नाही, आई मागच्या सीटवर पदरानं वारा घेत बसलेली. ती काही बोलली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यानंतर महिनाभरात क्रँक सेन्सर बदलला, ठिणगीची कॉइल बदलली, पेट्रोलचा पंपही बदलला. गाडी बंद पडायची ती पडतच राहिली. तिन्ही वेळा कुणी काही मोजलं नव्हतं, अंदाजानं पार्ट टाकले होते.

शेवटी नांदेडच्या एका जुन्या वायरिंगवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी आधी मल्टिमीटर काढला. बॅटरी 12.6 व्होल्ट, ठीक. इंजिनाची अर्थिंग पट्टी खोलून पॉलिश पेपरनं घासली, परत आवळली. ईसीएमला येणारा करंट आणि अर्थ दोन्ही नीट असल्याची खात्री केली. मग थ्रॉटल सेन्सरचा सॉकेट काढून त्यात पिना लावल्या. ईसीएम सेन्सरांना 5 व्होल्ट पुरवतो. गाडी थंड होती तेव्हा आकडा 5 वर स्थिर होता. मग त्यांनी डॅशबोर्डखालच्या ईसीएमवर केस वाळवायचं ड्रायर धरलं. पाच-सात मिनिटांत आकडा घसरत 3 च्या आसपास आला. तरी ते म्हणाले, "रुको, अभी नहीं." एखादा शॉर्ट सेन्सरही ते 5 व्होल्ट खाली ओढतो, म्हणून त्यांनी त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढले. सगळे काढूनही आकडा वर येईना, तेव्हाच त्यांनी पेटी उघडली.

बोर्डावर एका कपॅसिटरच्या बुडाशी ओलसर, तपकिरी डाग होता. सडक्या मासळीसारखा वास आला. आतलं द्रव गळून खालची तांब्याची रेघ खाऊन टाकली होती. नुसता कपॅसिटर गेला असता तर नवा सोल्डर करून भागलं असतं (105 डिग्रीपर्यंत ताप सोसणाराच टाकायला सांगा, आपल्याकडचा उन्हाळा आहे). माझा बोर्डच गेला होता.

भंगारातून त्याच पार्ट नंबरची पेटी मिळाली. गाडीचं मॉडेल एक असून भागत नाही, पेटीवरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळायला हवा. ती जोडली तर इंजिन क्षणभर धरायचं आणि विझायचं, डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत राहायचा. इमोबिलायझर होता, म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर गाडी चालू न देणारं चोरीविरोधी कुलूप. किल्लीतल्या चिपची ओळख जुन्या ईसीएमच्या मेमरीत होती. चाचांनी त्या मेमरीतला डेटा नव्या पेटीत उतरवला आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, त्याच रस्त्यानं आईला चार वेळा नांदेडला नेऊन आणलं.

तुमचाही ईसीएमच निघाला, तर पेटी काढण्याआधी बॅटरीची मायनस काढायला लावा. आणि जुनी पेटी "मेलीच आहे की" म्हणून दुकानात सोडून येऊ नका. तुमच्याही किल्लीची ओळख तिच्यातच असू शकते.